इजिप्तची कला आणि वास्तू: नेहमी अडणाऱ्या शब्दांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इजिप्तच्या सहलीला निघालेल्यांना, संग्रहालयात पाट्या वाचणाऱ्यांना आणि घरी बसून माहितीपट पाहणाऱ्यांना एकच अडचण येते. मस्तबा, पायलॉन, कार्टूश, का, बा, शब्ती असे शब्द भराभर कानावर पडतात आणि समोरची वस्तू बघायची राहून जाते. इथे त्यातल्या नेहमीच्या शब्दांची उत्तरे दिली आहेत. ती क्रमाने वाचलीत तर जास्त उपयोग होईल, कारण पुढची काही उत्तरे मागच्यांवर उभी आहेत.

हे सगळे शब्द प्राचीन इजिप्शियन भाषेतले आहेत का?

बहुतेक नाहीत, आणि बराचसा गोंधळ इथूनच सुरू होतो. पिरॅमिड, ऑबेलिस्क, स्फिंक्स, पायलॉन, हायरोग्लिफ ही ग्रीकांनी ठेवलेली नावे. मस्तबा आणि सर्दाब अरबी बोलणाऱ्या मजुरांकडून आले. कार्टूश फ्रेंच शिपायांनी दिले. फायन्स तर इटलीतल्या फाएन्झा गावावरून. परक्याने वस्तू बाहेरून पाहिली, ती त्याला जशी दिसली तसे नाव ठेवले. ग्रीकांना उंच निमुळता दगडी खांब मांस भाजायच्या सळईसारखा दिसला, म्हणून तो ‘ऑबेलिस्कोस’, म्हणजे छोटी सळई. इजिप्शियन लोक त्याला ‘तेखेन’ म्हणत आणि तो सूर्यदेवाचा खांब होता.

म्हणून जिथे मूळ इजिप्शियन नाव माहीत आहे तिथे ते देतो. वस्तू कशी दिसते हे परके नाव सांगते. ती कशासाठी होती हे बहुतेक वेळा मूळ नावातून कळते.

‘फॅरो’ म्हणजे राजा ना?

अर्थ राजाच, पण शब्दशः ‘पेर-आ’ म्हणजे मोठे घर, राजवाडा. ‘वाड्यावरून निरोप आला’ असे म्हणताना आपण जसे वाड्यातल्या माणसाविषयी बोलत असतो, तसेच. नव्या राज्याच्या काळात हा शब्द खुद्द राजासाठी वापरला जाऊ लागला. त्याआधीच्या, गिझाचा मोठा पिरॅमिड बांधणाऱ्या खुफूला ‘फॅरो खुफू’ म्हणणे ही आपली सोय आहे.

जुने, मध्य आणि नवे राज्य म्हणजे नेमके कधी?

ढोबळमानाने जुने राज्य इ.स.पू. २६८६ ते २१८१, मध्य राज्य २०५५ ते १६५०, नवे राज्य १५५० ते १०६९. अभ्यासकांमध्ये काही वर्षांचा फरक असतो. लक्षात ठेवायला सोपी खूण अशी: गिझाचे पिरॅमिड जुन्या राज्यातले, तुतनखामून, रामेसेस आणि कर्नाकच्या देवळातला खांबांचा मंडप नव्या राज्यातले. या दोन्हींत हजार वर्षांहून अधिक अंतर आहे. तुतनखामूनच्या काळातला माणूस गिझाला गेला तेव्हा तेही त्याला पुरातन अवशेषच वाटले असतील.

मस्तबा म्हणजे काय?

अरबीत मस्तबा म्हणजे ओटा, घराबाहेर बसायला बांधतात तसा. एकोणिसाव्या शतकात सक्कारा या प्राचीन दफनभूमीत खोदकाम करणाऱ्या मजुरांना वाळूतून वर आलेली लांबट, सपाट माथ्याची आणि आत झुकलेल्या भिंतींची थडगी पाहून आपल्या गावचे ओटे आठवले. तेच नाव रूढ झाले.

सुरुवातीची मस्तबा कच्च्या विटांची, पुढची चुनखडकाची. तिचे दोन भाग असतात आणि दोन्हींची कामे वेगळी. जमिनीखाली खोल विहिरीसारखा सरळ कूप आणि त्याच्या तळाशी मृताची खोली; दफन झाल्यावर हा कूप दगडमातीने कायमचा बुजवत. जमिनीवरच्या भागात देवघरासारखी खोली. तिथे घरचे लोक आणि नेमलेले पुजारी भाकरी, बीअर, मांस ठेवायला येत. एक भाग कायमचा बंद, दुसरा कायमचा उघडा. इजिप्तच्या जवळजवळ प्रत्येक थडग्यात ही विभागणी सापडते, मग ते सरदाराचे असो वा राजाचे.

आणि सर्दाब?

अरबीत आलेला हा शब्द मुळात फारसी. फारसीत ‘सर्द’ म्हणजे थंड आणि ‘आब’ म्हणजे पाणी. सर्दाब म्हणजे उन्हाळ्यात बसायचे थंड तळघर. आपल्या ‘सर्दी’तला ‘सर्द’ आणि ‘गुलाब’मधला ‘आब’ हेच. थडग्यात मात्र ही चहूबाजूंनी बंद केलेली कोठडी असते आणि तिच्यात मृताचा पुतळा.

जोसेर राजाच्या सक्कारातल्या पिरॅमिडाला उत्तरेकडे टेकून एक तिरकी दगडी पेटी आहे. तिच्या भिंतीला डोळ्यांच्या उंचीवर दोन गोल भोके. आत राजाचा बसलेला पुतळा होता (आज तिथे प्रतिकृती आहे, मूळ पुतळा कैरोत). भोकांना डोळा लावून लोक आत बघतात, पण ती त्यांच्यासाठी नव्हती. ती पुतळ्यासाठी होती: राजाला बाहेर बघता यावे, धूप आणि नैवेद्य पोचावा म्हणून. उत्तरेच्या आकाशातले कधीच न मावळणारे तारे त्याला दिसावेत, असाही त्या दिशेचा अर्थ लावतात. जो पुतळा कोणीही पाहू नये म्हणून बंद करून ठेवला, तो शोभेसाठी कसा असेल? इजिप्तची कला समजून घ्यायची तर सुरुवात या दोन भोकांपासून करावी, असे मला वाटते.

‘खोटे दार’ खोटे कशासाठी बांधायचे?

आपल्यासाठी खोटे, मृतासाठी खरे. थडग्यातल्या देवघराच्या पश्चिमेकडच्या भिंतीवर दगडात दाराची चौकट कोरतात. एकात एक चौकटी, मधे अरुंद फट, वर गुंडाळलेल्या चटईसारखा गोल दांडा. दार उघडत नाही. त्याच्या अलीकडे जिवंत माणसे नैवेद्य ठेवणार आणि पलीकडून मृताचा ‘का’, म्हणजे त्याची जीवनशक्ती, येऊन तो घेणार. सूर्य मावळतो ती पश्चिम मृतांची, म्हणून दार त्या बाजूला.

सक्काराच्या मेरेरुकाच्या मस्तबेत हे फार सुंदर दाखवले आहे. तीसहून अधिक खोल्यांचे हे थडगे. त्यात एका चौकटीत मेरेरुकाचा पूर्णाकृती पुतळा पाऊल पुढे टाकून उभा आहे, समोर उतरायला छोट्या पायऱ्या आणि पायथ्याशी नैवेद्याचा दगड. घरातून अंगणात येताना माणूस जसा उंबऱ्यावर क्षणभर थांबतो, तसा तो दिसतो.

का, बा आणि आख यांत फरक काय? सगळ्यांना ‘आत्मा’ म्हटले तर चालेल?

चालेल, पण मग चित्रे कळणार नाहीत. ‘का’ म्हणजे माणसाबरोबर जन्मणारी जीवनशक्ती. तिला अन्न लागते आणि राहायला शरीर किंवा पुतळा लागतो. तिची खूण म्हणजे वर उचललेले दोन हात. ‘बा’ म्हणजे फिरणारा अंश. तो माणसाच्या डोक्याचा पक्षी म्हणून काढतात. दिवसा बाहेर उडतो आणि रात्री शरीराकडे परततो. सगळे विधी नीट होऊन मृत व्यक्ती तेजस्वी आणि समर्थ झाली की ती ‘आख’.

थडग्यात पुतळा दिसला तर ‘का’ आठवा, मानवी डोक्याचा पक्षी दिसला तर ‘बा’. ‘आत्मा’ या एका शब्दात दोन्ही कोंबले तर पुतळ्याला नैवेद्य का दाखवायचा, हे समजत नाही.

मस्तबेपासून पिरॅमिड कसा झाला?

सक्कारात जोसेरसाठी, इ.स.पू. २६५०च्या आसपास. बांधकामाशी जोसेरचा अधिकारी इम्होतेप याचे नाव जोडलेले आहे. आधी दगडी मस्तबा बांधली, ती वाढवली, मग तिच्यावर लहान होत जाणारे टप्पे चढवत सहा पायऱ्या झाल्या आणि उंची सुमारे ६० मीटर. म्हणून तो पायऱ्यांचा पिरॅमिड.

गुळगुळीत बाजूंचा पिरॅमिड स्नेफेरू राजाच्या कारकिर्दीत जमला, तोही सहज नाही. दहशूरचा ‘वाकलेला पिरॅमिड’ सुमारे ५४ अंशांनी वर चढतो आणि मध्यावर एकदम ४३ अंशांवर येतो. बांधता बांधता जमीन आणि दगड भार पेलेनासे झाले, भेगा पडू लागल्या, म्हणून वरचा उतार कमी केला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्याच्याजवळचा लाल पिरॅमिड त्यांनी सुरुवातीपासूनच मंद उताराचा धरला आणि तो नीट उभा राहिला. गिझाला जाणाऱ्या बहुतेक सहली दहशूर वगळतात, ही हळहळ वाटण्याजोगी गोष्ट आहे. गिझात तयार उत्तर दिसते. दहशूरला चूक, दुरुस्ती आणि यश शेजारी शेजारी उभे आहेत.

स्नेफेरूचा मुलगा खुफू. त्याचा पिरॅमिड मुळात सुमारे १४६.६ मीटर उंच होता, आज १३८ मीटरच्या आसपास आहे. अंदाजे २३ लाख दगड. बाहेरचे पांढरे अस्तर नाईलपलीकडच्या तुरा इथल्या चुनखडकाचे. ते दगड होडीतून आणणाऱ्या मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी २०१३ मध्ये तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फ इथे सापडली. पिरॅमिड उभा राहत असताना त्या कामावरच्या माणसाने पपायरसवर, म्हणजे त्याच नावाच्या पाणवनस्पतीपासून केलेल्या कागदावर, लिहिलेले हे लेख आहेत.

इतका नेमका उतार ते कसा ठरवत?

अंशांत नाही, हात आणि तळव्यांत. त्यांचा राजहात सुमारे ५२.४ सेंटिमीटरचा, म्हणजे आपल्या दीड फुटी हातापेक्षा थोडा मोठा. त्याचे सात तळवे, प्रत्येक तळव्याची चार बोटे. एक हात वर चढताना किती तळवे आत सरकायचे, त्या मापाला ‘सेकेद’ म्हणत. खुफूच्या पिरॅमिडाचा सेकेद साडेपाच तळवे. उंची २८० हात, पायाची बाजू ४४० हात. सेकेद काढायची गणिते ऱ्हाइंड पपायरस या प्राचीन गणिताच्या हस्तलिखितात आजही वाचता येतात. हात, वीत, बोट ही मापे वापरलेल्या आपल्या गवंड्याला ही पद्धत पाच मिनिटांत समजली असती.

ऑबेलिस्क एकाच दगडाचा असतो का? टोकाला वेगळा आकार का?

हो, एकसंध, बहुधा अस्वानच्या तांबूस ग्रॅनाइटचा. टोकावरचा छोटा पिरॅमिड म्हणजे ‘बेनबेन’ची आठवण. सृष्टीच्या आरंभी पाण्यातून वर आलेली पहिली टेकडी म्हणजे बेनबेन; सूर्याचा पहिला किरण तिच्यावर पडला. म्हणून ते टोक धातूने मढवत. सकाळी उजेड सर्वांत आधी तिथे झळकायचा.

अस्वानच्या खाणीत एक अपुरा ऑबेलिस्क आडवा पडून आहे. लांबी सुमारे ४२ मीटर, वजन हजार टनांहून अधिक. काम बरेच झाल्यावर दगडाला तडे गेले आणि तो तिथेच सोडला. लोखंडी छिन्न्या नव्हत्या. डोलेराइट या कठीण दगडाचे गोळे आपटून आपटून ग्रॅनाइटचा भुगा करत खाली जायचे. त्या ठोक्यांचे खळगे ओळीने दिसतात. उभ्या असलेल्यांत सर्वांत उंच ऑबेलिस्क आज इजिप्तमध्ये नसून रोममध्ये आहे, सुमारे ३२ मीटरचा.

देवळाचे भाग कसे ओळखायचे?

कर्नाकमध्ये माणूस हरवतो, कारण ते दीड हजारांहून अधिक वर्षे वाढत गेलेले देवळांचे आवार आहे. आधी एदफूचे होरस या देवाचे देऊळ पाहावे. ते उशिराचे, टोलेमी या ग्रीक वंशाच्या राजांच्या काळातले, पण छप्परासह जवळजवळ अखंड आहे, त्यामुळे रचना लगेच लक्षात येते.

समोर पायलॉन: दोन प्रचंड, वर निमुळते होणारे बुरूज आणि मधे दार. एदफूचा पायलॉन ३६ मीटर उंच आहे. दोन टेकड्यांच्या मधून उगवणारा सूर्य ही इजिप्शियन लिपीत ‘आखेत’, म्हणजे क्षितिजाची खूण. पायलॉन म्हणजे तीच खूण दगडात बांधलेली. त्याच्या दर्शनी भिंतीत उभ्या खाचा दिसतात, त्यांत पताकांचे लाकडी खांब असत.

आत उघडे प्रांगण. त्यापुढे खांबांचा मंडप. याला हायपोस्टाइल म्हणतात, ग्रीक अर्थ ‘खांबांवर पेललेला’. मग लहान होत जाणाऱ्या खोल्या आणि शेवटी गाभारा. तिथे एका दगडात कोरलेले देवाचे मखर, त्याला ‘नाओस’ म्हणतात. आत जाताना जमीन थोडी थोडी वर चढते, छत खाली येते आणि उजेड कमी होत जातो. सामान्य माणसाला फार तर प्रांगणापर्यंत प्रवेश. गाभाऱ्यात राजा आणि त्याच्या वतीने पूजा करणारे पुजारीच जात. ‘हुत-नेतजेर’ हे देवळाचे इजिप्शियन नाव, अर्थ देवाचा वाडा. देव तिथे राहतो. त्याला सकाळी उठवायचे, वस्त्रे घालायची, जेवण दाखवायचे. आपल्या देवळांतली काकडआरतीपासून शेजारतीपर्यंतची दिनचर्या ज्याने पाहिली आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

खांबांवर फुले का असतात?

कारण देऊळ म्हणजे सृष्टीच्या आरंभीची दलदल. बेनबेनची टेकडी जिथून वर आली तिथे पपायरस आणि कमळे माजलेली होती. म्हणून खांब पपायरसच्या देठांचे, कमळाच्या किंवा खजुरीच्या आकाराचे. छत निळे, त्यावर पिवळे तारे. भिंतीच्या पायथ्याशी पाणवनस्पती.

कर्नाकच्या मोठ्या मंडपात सेती पहिला आणि रामेसेस दुसरा यांच्या काळातले १३४ खांब आहेत. मधल्या वाटेवरचे १२ खांब सुमारे २१ मीटर उंच, त्यांची फुले उमललेली. बाजूचे १२२ खांब बुटके, त्यांच्या कळ्या मिटलेल्या. मधले छत उंच असल्याने दोन्ही छतांमधल्या जागेत दगडी जाळ्या बसवल्या होत्या आणि उजेड फक्त मधल्या वाटेवर पडायचा. उजेडातली फुले उमलली आणि अंधारातली मिटून राहिली. मंडपात उभे राहून हे एकदा ध्यानात आले की मग खांब मोजायची इच्छा राहत नाही.

भिंतीच्या माथ्यावर बाहेर वळलेली पट्टी आणि कोपऱ्यावरचा गोल दांडा कशाचा?

दगडाआधीच्या कुडाच्या झोपडीचा. वरची वळलेली पट्टी म्हणजे भिंतीतून वर आलेले, वजनाने पुढे झुकलेले झावळ्यांचे शेंडे. कोपऱ्याचा दांडा म्हणजे दोरीने करकचून बांधलेली बोरूची मोळी. काही ठिकाणी दोरीचे वेढेही रंगवलेले दिसतात.

कार्टूश म्हणजे काय?

राजाचे नाव ज्यात लिहितात ती लांबट कडी. नेपोलियनच्या स्वारीत १७९८ मध्ये आलेल्या फ्रेंच शिपायांना ती बंदुकीच्या काडतुसासारखी दिसली. फ्रेंच ‘कार्टूश’ आणि पोर्तुगिजांकडून मराठीत आलेले ‘काडतूस’ हे एकाच घराण्यातले शब्द. इजिप्शियन नाव ‘शेनू’. ती गाठ मारलेली दोरी आहे आणि ‘वेढणे’ या क्रियापदाशी तिचे नाते आहे. सूर्य ज्याला वेढा घालतो ते सगळे राजाचे, आणि नावाभोवती कायमचे संरक्षण. राजाच्या पाच नावांपैकी दोन कार्टूशात लिहीत.

लिपी उलगडली तीही याच कडीमुळे. १७९९ मध्ये सापडलेल्या रोझेटा शिळेवर टोलेमीचे नाव कार्टूशात होते आणि शेजारी ग्रीक मजकूर. त्या आधाराने अक्षरे जुळवत फ्रेंच अभ्यासक शांपोलियों १८२२ मध्ये उत्तरापर्यंत पोचला.

हायरोग्लिफ कोणत्या बाजूने वाचायचे?

पक्षी आणि माणसे ज्या बाजूला तोंड करून आहेत, त्या बाजूकडून. ती जणू वाचणाऱ्याच्या स्वागताला उभी असतात. डावीकडून, उजवीकडून, वरून खाली असे तिन्ही प्रकार आहेत; दाराच्या दोन्ही अंगांना तोच मजकूर समोरासमोर लिहिलेला सापडतो. लिपीचे इजिप्शियन नाव ‘मेदू नेतजेर’, देवाचे शब्द.

चित्रातली माणसे अशी विचित्र का? चेहरा एकीकडे, छाती दुसरीकडे?

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे आणि ‘त्यांना जमत नव्हते’ हे सर्वांत चुकीचे उत्तर. ज्यांनी उडणाऱ्या बदकाचे पीसन्पीस काढले त्यांना माणसाचा खांदा जमला नाही, हे पटण्यासारखे नाही.

डोळा एका जागी ठेवून तिथून काय दिसते, हे त्यांना काढायचेच नव्हते. वस्तू काय आहे, हे काढायचे होते. म्हणून प्रत्येक अवयव त्याच्या सर्वांत ओळखू येणाऱ्या बाजूने: चेहरा बाजूने, डोळा समोरून, खांदे समोरून, कंबरेपासून पाय पुन्हा बाजूने. नेबामूनच्या थडग्यातले बागेचे चित्र ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यात तळे वरून पाहिल्यासारखे चौकोनी आहे, पण त्यातले मासे आणि बदके बाजूने, आणि काठावरची झाडेही बाजूने दिसतात. तळ्याचा आकार, मासे कोणते, झाडाला फळ कोणते, यातले काहीच लपून राहत नाही.

यामागे सर्दाबातल्या पुतळ्याचेच कारण आहे. चित्रातल्या शरीराला पुढे काम करायचे आहे. ज्याचा एक हात चित्रात दुसऱ्याआड झाकला गेला, त्याने परलोकात नैवेद्य कोणत्या हाताने घ्यायचा?

सगळी चित्रे एकाच मापाची कशी येत?

भिंतीवर आधी चौकटी आखत. सुतार रंगवलेला दोरा ताणून लाकडावर झटकतो, तसा तांबड्या रंगात बुडवलेला दोरा गिलाव्यावर झटकायचा. उभ्या माणसाला तळव्यापासून कपाळावरच्या केसांच्या रेषेपर्यंत १८ चौकटी, बसलेल्याला १४. गुडघा सहाव्या रेषेजवळ, खांदे सोळाव्या. उत्तरकाळात, म्हणजे नव्या राज्यानंतर बऱ्याच काळाने, माप बदलून वरच्या पापणीपर्यंत २१ चौकटी झाल्या.

राजांच्या खोऱ्यात, म्हणजे नव्या राज्यातल्या राजांच्या दफनभूमीत, होरेमहेब राजाचे थडगे अपुरे राहिले, म्हणून तिथे हे टप्पे उघडे दिसतात. तांबड्या रेषेतले पहिले रेखाटन, त्यावर मुख्य चित्रकाराने काळ्या रेषेने केलेली दुरुस्ती आणि एका कडेने सुरू झालेले कोरीवकाम. गुरूने शिष्याची वही तपासावी तशी ती काळी रेषा आहे.

राजा इतका मोठा आणि बाकीचे ठेंगू का?

मान जितका मोठा तितकी आकृती मोठी. नार्मेरची पाटी पाहा, सुमारे इ.स.पू. ३१०० ची, ६४ सेंटिमीटर उंच. राजा गदा उगारून उभा, चपला घेतलेला सेवक त्याच्या गुडघ्याएवढा. चित्राच्या आडव्या पट्ट्याही तिथेच ठरलेल्या दिसतात. त्यांना रजिस्टर म्हणतात. पट्टीची खालची रेषा म्हणजे जमीन. युद्धाच्या किंवा शिकारीच्या चित्रांत शत्रू आणि जनावरे ही रेषा सोडून अस्ताव्यस्त पडलेली असतात. रेषेवर उभे राहणे म्हणजे ‘मात’मध्ये असणे, मात म्हणजे सृष्टीची रीत, न्याय आणि सत्य.

काही कोरीवकाम वर आलेले, काही आत खोदलेले, असे का?

पहिल्या प्रकारात आकृतीभोवतीचा सगळा दगड तासून काढतात आणि आकृती उठून राहते. दुसऱ्यात भिंत तशीच ठेवून फक्त आकृती आत खोदतात. साधारणपणे आतल्या मंद उजेडात पहिला प्रकार, बाहेरच्या उन्हात दुसरा. बाहेर उठावाचे नाजूक काम प्रखर प्रकाशात सपाट दिसते. खोदलेल्या कडेत मात्र गडद सावली बसते आणि रेषा लांबूनही दिसते. अबिदोसला सेतीच्या देवळातला उठाव इतका तलम आहे की वस्त्राच्या चुण्या बोटाला जाणवतील असे वाटते (हात लावू नये, हे वेगळे सांगायला नको). पुढे मेदिनेत हाबूला रामेसेस तिसऱ्याची अक्षरे अनेक ठिकाणी वीतभर खोल असल्यासारखी दिसतात. इतके खोल खोदलेले नाव नंतरच्या राजाला सहज पुसता येत नाही.

फायन्स ही चिनी माती आहे का?

नाही, मातीच नाही. गारगोटीची पूड, थोडा चुना, क्षार आणि तांबे. लगदा वाळताना क्षार पृष्ठभागावर येतात आणि भट्टीत त्यांचीच निळी-हिरवी झिलई होते. वरून वेगळा लेप देण्याची गरज पडत नाही. इजिप्शियन नाव ‘तजेहेनेत’, चमकणारे. जोसेरच्या पिरॅमिडाखालच्या खोल्यांत अशा निळ्या फरशा बसवून बोरूच्या चटयांचा भास केला आहे. भिंतींवरच्या चित्रातला निळा रंग मात्र वेगळा: वाळू, चुना, तांबे आणि क्षार भाजून केलेला ‘इजिप्शियन निळा’, माणसाने तयार केलेल्या पहिल्या रंगांपैकी एक.

सार्कोफॅगस, कॅनोपिक बरण्या आणि शब्ती?

सार्कोफॅगस म्हणजे दगडी शवपेटी. ग्रीक अर्थ ‘मांस खाणारा’; इजिप्शियन लोक तिला ‘नेब-आंख’, जीवनाचा स्वामी म्हणत. एकाच पेटीची दोन नावे, आणि त्यांचे अर्थ किती उलटे!

कॅनोपिक बरण्यांत काढलेले अवयव ठेवत: माणसाच्या तोंडाचा इम्सेती यकृत सांभाळतो, वानरमुखी हापी फुप्फुसे, कोल्ह्याच्या तोंडाचा दुआमुतेफ जठर आणि ससाण्याच्या तोंडाचा केबेहसेनुएफ आतडी. हृदय शरीरातच ठेवत, कारण न्यायाच्या वेळी तराजूत तेच घालायचे असते.

शब्ती म्हणजे ‘ओ देणारा’ असा अर्थ लावतात. परलोकात शेतावरच्या कामाला हाक आली की मृताऐवजी ही बाहुली ‘आलो’ म्हणणार. तुतनखामूनजवळ ४१३ शब्ती होत्या: वर्षाच्या दिवसांसाठी ३६५, दहा-दहांच्या टोळीवर ३६ मुकादम आणि महिन्यागणिक एक असे १२ देखरेख करणारे.

स्फिंक्स पुरुष की स्त्री?

ग्रीक कथेतली कोडे घालणारी स्फिंक्स स्त्री. इजिप्तचा स्फिंक्स बहुतेक वेळा राजा: डोके माणसाचे, धड सिंहाचे, आपल्या नरसिंहाच्या नेमके उलट. गिझाचा स्फिंक्स जागच्या खडकातूनच कोरलेला, ७३ मीटर लांब, २० मीटर उंच. नव्या राज्यात त्याला ‘होरेमआखेत’, क्षितिजावरचा होरस म्हणत. कर्नाकसमोर ओळीने बसलेले मेंढ्याच्या तोंडाचे आहेत, कारण मेंढा अमून देवाचा.

अबू सिंबेल हे देऊळ म्हणावे की गुहा?

मराठीत यासाठी नेमका शब्द आहे: लेणे. डोंगर वरून-समोरून कोरत आत गेलेले देऊळ. दारापाशी रामेसेस दुसऱ्याचे चार बसलेले पुतळे, प्रत्येकी सुमारे २० मीटर. अस्वानच्या मोठ्या धरणाने ते बुडणार होते, म्हणून १९६४ ते १९६८ या काळात ठोकळ्यांत कापून ६५ मीटर वर आणि सुमारे २०० मीटर मागे नेऊन पुन्हा जोडले. फेब्रुवारी आणि ऑक्टोबरच्या २२ तारखेच्या सुमारास सूर्यकिरण गाभाऱ्यापर्यंत पोचतात. तिथल्या चार मूर्तींपैकी प्ताह हा देव मात्र अंधारात राहतो.

अमार्ना शैली आणि तलातात हे शब्द एकत्र का येतात?

दोन्ही नव्या राज्यातल्या अखेनातेन राजाचे. त्याने एकट्या आतेनची, सूर्यबिंबाची पूजा चालवली, नवी राजधानी वसवली (तीच जागा आज अमार्ना) आणि चित्रांची रीतही बदलली: लांब चेहरा, सुटलेले पोट, मुलींना मांडीवर घेतलेले राजाराणी. बांधकाम घाईचे, म्हणून एका माणसाला उचलता येतील असे अर्ध्या मीटरचे छोटे दगड, तेच तलातात. त्याच्यामागून आलेल्यांनी त्याची देवळे पाडली आणि हे दगड नव्या पायलॉनांच्या पोटात भर म्हणून घातले. पुसून टाकण्यासाठी भरलेले हे हजारो दगड त्यामुळेच रंगासकट वाचले.

इतक्या पुतळ्यांची नाके का तुटलेली असतात?

काही पडझडीत. पण अनेक मुद्दाम. पुतळा तयार झाल्यावर ‘मुख उघडण्याचा’ विधी करत, वाकसासारखे हत्यार तोंडाला लावून. त्यानंतर तो श्वास घेऊ शके, खाऊ शके. ज्याला तो निष्प्राण करायचा होता त्याने नाक फोडले. नाव खोडण्यामागेही तोच हेतू. राजा म्हणून राज्य केलेल्या राणी हत्शेप्सूतच्या प्रतिमा आणि नावे तिच्या मृत्यूनंतर तिसऱ्या थुतमोसच्या काळात छिन्नीने काढली गेली, हे तिच्या देऊळभर दिसते.

‘कलाकार’ याला इजिप्शियन शब्द कोणता?

आपल्या अर्थाने नाही. ‘हेमुत’ म्हणजे कसब. सुतार, सोनार, पाथरवट सगळे त्यात आले. चित्रकार ‘सेश-केदूत’, आकृत्यांचा लेखनिक. आणि शिल्पकाराला एक नाव होते ‘सआंख’: जिवंत करणारा.

राजांच्या खोऱ्यातली थडगी कोरणारे आणि रंगवणारे देर अल-मदिना या छोट्या गावात राहत. चुनखडकाच्या कपच्यांवर, म्हणजे ऑस्ट्राकांवर, त्यांनी हिशेब, तक्रारी आणि मोकळ्या वेळात काढलेली चित्रे सोडली आहेत. ब्रिटिश म्युझियममधल्या अशा एका मोठ्या कपचीवर रामेसेस दुसऱ्याच्या चाळिसाव्या वर्षाचा हजेरीपट आहे. माणसांची नावे काळ्या शाईत, आणि कामावर न आल्याची कारणे वर तांबड्या शाईत बारीक अक्षरांत: एकाला विंचू चावला, एकाचे डोळे आले, एक बीअर गाळत होता, एक घरच्या मृताला लेप लावण्यात गुंतला होता.